आधुनिक वास्तुकलेवरचं आरोपपत्र: थोडं खरं, बरंचसं ऐकीव

गेली काही वर्षं एक मजकूर या ना त्या रूपात फिरतो आहे. वर दोन फोटो असतात. डावीकडे खांब, कमानी, पुतळे असलेलं जुनं रेल्वेस्थानक, उजवीकडे राखाडी काँक्रीटचा ठोकळा. खाली आरोपांची माळ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूठभर युरोपीय पुरुषांनी नक्षीकामाला गुन्हा ठरवलं. घराला यंत्र म्हटलं आणि आत राहणाऱ्या माणसाला विसरले. जुन्या देखण्या इमारती पाडल्या. गरिबांसाठी उभारलेले त्यांचे टॉवर शेवटी सुरुंग लावून उडवावे लागले. जगभर एकच काचेचं खोकं उभं राहिलं. जुनी बांधकामं शतकानुशतकं टिकतात, यांची पन्नास वर्षांत गळायला लागतात. आणि शेवटची ओळ: पाडून टाका सगळं.

मजकूर पटतो याचं कारण उघड आहे. ज्या इमारतींतून रोज वावरावं लागतं, त्यांतल्या बऱ्याच खरोखरच रुक्ष आहेत. ती तक्रार खोटी नाही. पण या आरोपपत्रात एक हातचलाखी आहे. घोषणा वास्तुकारांच्या उचलायच्या, आणि फोटो मात्र कुणा बिल्डरने किंवा सरकारी खात्याने काटकसरीत उरकलेल्या इमारतीचा लावायचा. घोषणा आणि इमारत एकाच माणसाची घेतली की चित्र बरंच बदलतं.

“नक्षीकामाला गुन्हा ठरवलं”

हा आरोप व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लोस याच्यावर. नक्षी आणि गुन्हा यांची सांगड घालणारं त्याचं भाषण १९१०च्या सुमारासचं. ते आज वाचवत नाही. अंग गोंदवून घेणाऱ्या समाजांबद्दल त्यात जे आहे ती निव्वळ तुच्छता आहे आणि तिची भलामण करायचं काही कारण नाही. मात्र त्यातला कळीचा मुद्दा श्रमाचा होता. फॅशन बदलली की नक्षीदार वस्तू जुनाट ठरते, फेकली जाते, आणि कारागिराने तिच्यावर घातलेले तास मातीमोल होतात. शिवाय त्या जादा तासांचा मोबदला त्याला कधी मिळतच नाही. १९२४ मध्ये लोसनेच खुलासा केला की नक्षी सरसकट हद्दपार करा, असं आपण म्हटलेलं नव्हतं, शुद्धतावाद्यांनी आपलं म्हणणं नको तितकं ताणलं. हा खुलासा फॉरवर्डमध्ये कधी दिसत नाही.

आता त्याची इमारत पाहू. भाषणाच्याच सुमारास त्याने व्हिएन्नात, सम्राटाच्या राजवाड्याच्या अगदी समोर, उंची कपडे शिवणाऱ्या एका पेढीसाठी इमारत बांधली. वरच्या मजल्यांना साधा गिलावा, खिडक्यांभोवती ना चौकट, ना कमान. गावात गहजब झाला. लोक तिला ‘भुवया नसलेलं घर’ म्हणू लागले, पालिकेने काम अडवलं, आणि शेवटी काही खिडक्यांखाली फुलझाडांच्या पेट्या लावायच्या, या तडजोडीवर प्रकरण मिटलं. गोष्ट सांगणारे इथेच थांबतात. त्यांनी नजर जरा खाली आणायला हवी. खालचे दोन मजले आणि दारापुढचे खांब ग्रीसहून आणलेल्या चिपोलिनो संगमरवराचे आहेत, हिरवट-राखाडी लाटा अंगावर असलेला दगड. असा दगड निवडायचा, त्याच्या रेघा शेजारच्या लादीशी जुळतील असा कापायचा, आणि मग त्यावर छिन्नी चालवायची नाही. याला सजावटीचा द्वेष म्हणणं अवघड आहे.

जर्मन वास्तुकार मीस व्हान डेर रोहची तीच तऱ्हा. थोडक्यात गोडी सांगणारा म्हणून तो प्रसिद्ध. पण १९२९ मध्ये त्याने लिली राइशच्या साथीने बार्सिलोनाच्या प्रदर्शनात जर्मनीचा जो मंडप उभारला, त्यात रोमन ट्रॅव्हर्टाइन दगड, दोन जातींचा हिरवा संगमरवर आणि अ‍ॅटलास पर्वतातला सोनेरी ऑनिक्स होता. त्या ऑनिक्सची भिंत हा मंडपाचा गाभा.

न्यूयॉर्कमधली त्याची सीग्रॅम इमारत, १९५८ची, तर या आरोपाला थेट उत्तरच आहे. आगप्रतिबंधक नियमांमुळे पोलादी सांगाडा काँक्रीटने झाकणं भाग होतं. म्हणजे ज्या पोलादावर इमारत उभी, ते बाहेरून दिसणार नाही. मग मीसने काचेच्या बाहेरच्या अंगाला खालपासून वरपर्यंत ब्राँझच्या ‘आय’ आकाराच्या पट्ट्या लावल्या. ३८ मजल्यांचा भार त्यांच्यावर नाही. काचेच्या चौकटींना त्या थोडी बळकटी देतात, पण त्यांचं खरं काम सांगाड्याची आठवण करून देणं आणि सपाट काचेवर सावलीची रेघ पाडणं. देवळाच्या खांबावरच्या उभ्या पन्हळी याहून वेगळं काय करतात? हे ब्राँझ हिरवं पडू नये म्हणून त्याला नियमित तेल लावलं जातं. खिडक्यांचे पडदे तीनच जागी थांबतात: पूर्ण वर, मध्यावर, पूर्ण खाली. बाहेरून इमारत विस्कटलेली दिसू नये म्हणून ही तजवीज. (टेबलावर ऊन येत असेल तर येवो. हा हट्ट मला जुलमीच वाटतो, पण तो सौंदर्यासाठीचा हट्ट आहे, एवढं तरी मान्य करावं लागेल.)

राहिला अमेरिकन वास्तुकार लुई सलिव्हन. रूप हे कार्यामागून येतं, या अर्थाचं त्याचं १८९६ मधलं वाक्य नक्षीविरोधाचा जाहीरनामा म्हणून मिरवलं जातं. त्याच वर्षी पुरी झालेली त्याची बफेलोतली गॅरंटी बिल्डिंग पायथ्यापासून माथ्यापर्यंत टेराकोटाच्या, म्हणजे भाजलेल्या मातीच्या, वेलबुट्टीने भरलेली आहे. वाक्य उद्धृत करणाऱ्यांनी इमारत पाहिलेली नसते, इतकाच याचा अर्थ.

“मूठभर पुरुषांनी घराला यंत्र म्हटलं आणि माणूस विसरले”

घर हे राहण्याचं यंत्र आहे, असं वास्तुकार ल कॉर्बुझिएने १९२३ मध्ये लिहिलं. त्याच पुस्तकात त्याने मोटारगाड्यांच्या शेजारी पार्थेनॉनचे फोटो छापले आणि वास्तुकला मन हलवण्यासाठी असते असंही लिहिलं, पण ती पानं कुणी फॉरवर्ड करत नाही. असो. माणूस विसरला का, हे पाहायचं तर त्याच सुमारास त्याने जिनिव्हा सरोवराकाठी आपल्या आईवडिलांसाठी बांधलेलं घर बघावं. चार मीटर रुंद, सोळा मीटर लांब, एकमजली. सरोवराकडे ११ मीटरची सलग खिडकी. आणि रस्त्याच्या बाजूच्या कुंपणभिंतीला, जमिनीलगत, जाळी बसवलेलं एक छोटं भोक, त्यापुढे काँक्रीटचा एक बुटका ओटा. कशासाठी? घरातल्या कुत्र्याला त्यावर चढून रस्त्याने कोण जातंय ते बघता यावं म्हणून. वडील लवकर गेले, आई मात्र १९६० पर्यंत, वयाची शंभरी गाठेतो, तिथेच राहिली.

या घराच्या भिंतींना तडे गेले, नंतर त्यांवर पत्रा चढवावा लागला. पॅरिसजवळची त्याची व्हिला साव्हॉय तर गळायचीच. मालकीणबाईंची तक्रारीची पत्रं प्रसिद्ध आहेत. मीसच्या फार्न्सवर्थ हाउसची मालकीण आणि मीस यांचं भांडण कोर्टात गेलं. काचेचं ते घर उन्हाळ्यात तापायचं, आणि नदीच्या पुराचं पाणी आत शिरलं ते वेगळंच. हे सगळं खरं आहे. श्रीमंत ग्राहकांच्या सुट्टीच्या घरांवर या मंडळींनी प्रयोग केले आणि काही अंगलट आले. पण आधुनिक वास्तुकला म्हणजे ही दोन-तीन घरं नव्हेत.

फिनलंडमध्ये आइनो आणि अल्व्हार आल्टो या वास्तुकार दाम्पत्याने पायमिओचं क्षयरोग रुग्णालय उभारलं, १९३३ मध्ये ते पुरं झालं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. हवा, ऊन आणि विश्रांती एवढाच उपचार. रोगी महिनोन्‌महिने पाठीवर पडून असणार, हे धरून प्रत्येक खोली आखली गेली. छताला डोळ्यांना थंड वाटेल असा गडद हिरवा रंग. दिवा अशा जागी की पडल्यापडल्या डोळ्यांत उजेड घुसू नये. खोलीत दोघे राहणार, मग एकाने रात्री हात धुतले तर दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून पाणी तिरक्या पृष्ठभागावर पडून आवाज न करता ओघळेल असं बेसिन. दारांच्या मुठी अशा वळवलेल्या की घाईत जाणाऱ्या डॉक्टरच्या कोटाची बाही अडकू नये. वाकवलेल्या प्लायवुडची खुर्चीसुद्धा श्वास घ्यायला सोपं जाईल अशा कोनात कललेली. आडव्या पडलेल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून इतका विचार करणाऱ्या इमारती आजही फारशा सापडत नाहीत.

पुरुषांबद्दल बोलायचं तर मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईचं नाव घ्यावं लागेल. १९२६ मध्ये फ्रँकफर्ट शहर कामगारांसाठी हजारो घरं बांधत होतं आणि त्यांचं स्वयंपाकघर आखायचं काम तिच्याकडे आलं. जागा जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर. रेल्वेच्या भोजनडब्यातल्या स्वयंपाकघरांचा तिने अभ्यास केला, घड्याळ लावून हालचाली मोजल्या. खिडकीखाली कामाचा ओटा, बसून चिराचिरी करता यावी म्हणून फिरतं स्टूल, छताला रुळावर सरकणारा दिवा, आणि साखर, तांदूळ, डाळी यांसाठी नावं घातलेले अ‍ॅल्युमिनियमचे खण, खेचून बाहेर काढायचे आणि टोकाने थेट भांड्यात ओतायचे. पिठाचे खण मात्र ओकच्या लाकडाचे, कारण ओकमुळे किडे दूर राहतात अशी समजूत. फ्रँकफर्टमध्ये अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसली. आज ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात त्याची ही आजी. पुढे स्त्रीवाद्यांनी टीका केली की या कोंदट डब्याने बाईला घराच्या कोपऱ्यात एकटं पाडलं, आणि त्या टीकेत तथ्य आहे. पण त्या बाईचे तास वाचावेत, हा विचार करणाऱ्यांना माणूस विसरलेले कसं म्हणायचं?

“जुन्या सुंदर इमारती यांनी पाडल्या”

डावीकडचा फोटो बहुतेकदा न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनचा असतो. १९१०चं ते स्थानक, ग्रॅनाइटचे खांब, प्राचीन रोमन स्नानगृहाच्या धर्तीवरचा भव्य प्रतीक्षाकक्ष. १९६३ मध्ये ते पाडायला सुरुवात झाली आणि त्याचे दगड न्यू जर्सीच्या दलदलीत टाकले गेले. मात्र पाडायचं ठरवलं रेल्वे कंपनीने. प्रवासी मोटारींकडे आणि विमानांकडे वळले होते, कंपनी तोट्यात होती, आणि स्थानकाच्या डोक्यावरची मोकळी जागा बांधकामासाठी विकून पैसा मिळणार होता. ऑगस्ट १९६२ मध्ये स्थानकासमोर फलक घेऊन उभ्या राहिलेल्यांमध्ये आधुनिक वास्तुकारही होते. सीग्रॅम इमारतीत मीसचा सहकारी असलेला फिलिप जॉन्सन त्यांपैकी एक. या आंदोलनाने स्थानक वाचलं नाही, पण १९६५ मध्ये न्यूयॉर्कला वारसा वास्तूंसाठी कायदा मिळाला.

सगळेच धुतल्या तांदळासारखे होते असं नाही. १९६८ मध्ये ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या डोक्यावर टॉवर चढवायचा आराखडा केला तो बाउहाउस या जर्मनीतल्या आधुनिक कलाशाळेत घडलेल्या मार्सेल ब्रॉयरने. तो प्रकल्प १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात वारसा कायद्यापुढे टिकला नाही, हे बरंच झालं. आणि कॉर्बुझिएने १९२५ मध्ये पॅरिसचा मध्यवर्ती भाग सपाट करून तिथे साठ मजली १८ टॉवर उभारायची योजना मांडली होती. ती प्रत्यक्षात आली असती तर हा लेख लिहायला मी धजावलो नसतो.

पण जुनं पाडण्याचा मक्ता आधुनिकांकडे कधी नव्हता. पोपने १५०६ पासून रोममधलं चौथ्या शतकातलं सेंट पीटर्स चर्च पाडायला घेतलं, तेव्हा कुठे आजचं उभं राहिलं. ज्या पॅरिसच्या देखणेपणाचे दाखले दिले जातात ते एकोणिसाव्या शतकात हाउसमान या प्रशासकाने मध्ययुगीन वस्त्या जमीनदोस्त करून आखलेलं आहे.

“प्रुइट-आयगोने सगळं सिद्ध केलं”

आरोपपत्रातला हा हुकमी पुरावा. प्रुइट-आयगो म्हणजे अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात मिनोरू यामासाकी या वास्तुकाराने आखलेली ३३ अकरामजली इमारतींची वसाहत, २,८७० घरं. १९५४ पासून लोक राहायला आले. १९७२ मध्ये पहिली इमारत सुरुंगाने पाडली, १९७६ पर्यंत सगळी वसाहत नाहीशी झाली. इमारत कोसळतानाचं दृश्य टीव्हीवर दिसलं आणि १९७७ मध्ये समीक्षक चार्ल्स जेंक्सने लिहिलं की आधुनिक वास्तुकला तिथे मेली. तेव्हापासून ते चित्र आणि तो निकाल जोडीने फिरतात. वर एक पुडी: या वसाहतीला वास्तुकलेचा मोठा पुरस्कार मिळाला होता. मिळाला नव्हता. पुरस्कार मिळाले ते त्याच वास्तुकारांच्या त्याच शहरातल्या एका दुसऱ्या वसाहतीला.

मुळात यामासाकीला सगळ्या इमारती अकरा मजली नकोच होत्या. त्याच्या पहिल्या आराखड्यात बैठी घरं, मध्यम उंचीच्या इमारती आणि उंच टॉवर यांची सरमिसळ होती. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याने दरघरटी खर्चाची मर्यादा दाखवली आणि सगळं एकाच उंचीचं करायला लावलं. मग कात्री आणखी चालली. तळमजल्यावरची स्वच्छतागृहं गेली, बागा गेल्या. वाफेच्या नळांवरचं आवरण गेलं, आणि उघड्या नळांनी मुलं भाजली. दारांच्या मुठी आणि कुलपं इतकी हलकी लावली की काही ठिकाणी बिऱ्हाड यायच्या आधीच ती तुटली होती.

याहून मोठी गोष्ट पैशाच्या व्यवस्थेची. बांधकामाचा पैसा सरकारचा, पण देखभाल भाड्यातून भागवायची. हे गणित घरं भरलेली असतील तरच जमतं. वसाहतीची आखणी करताना शहर वाढत जाणार असं धरलं होतं. झालं उलटंच: १९५० मध्ये साडेआठ लाखांवर असलेली सेंट लुइसची लोकसंख्या १९७० मध्ये सव्वासहा लाखांच्या आत आली. कारखाने आणि पगारदार गोरी कुटुंबं उपनगरांत गेली. वसाहतीचा एक भाग काळ्यांसाठी आणि दुसरा गोऱ्यांसाठी अशी मूळ योजना होती. न्यायालयांनी वर्णभेदाविरुद्ध निकाल दिल्यावर ती वाटणी मोडली आणि गोरे तिथे राहायला फारसे आलेच नाहीत. उरले ते शहरातले सगळ्यात गरीब. घरं रिकामी पडू लागली, भाड्याचं उत्पन्न आटलं, लिफ्ट बंद पडली की बंदच राहू लागली, राहिलेल्यांचं भाडं मात्र वाढत गेलं. १९६९ मध्ये रहिवाशांनी भाडं न भरण्याचा संप केला. १९७१ पर्यंत १६ इमारतींना फळ्या ठोकल्या होत्या आणि उरलेल्या १७ मध्ये जेमतेम ६०० माणसं राहत होती. असल्या परिस्थितीत गॉथिक कमानींची वसाहतही तगली नसती.

आराखडा मात्र निर्दोष नव्हता. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर न थांबता पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर थांबायची. तिथल्या लांब सज्ज्यांत शेजारी भेटतील, मुलं खेळतील अशी कल्पना. प्रत्यक्षात त्या सज्ज्या आणि जिने लुटारूंचे अड्डे झाले. रस्त्यापलीकडच्या जुन्या, बुटक्या घरांच्या वसाहतीत त्याच आर्थिक थरातले लोक राहत होते आणि तिची अवस्था बरीच बरी होती, हा टीकाकारांचा मुद्दा मला वजनदार वाटतो. देखभाल नसेल तर उंच इमारत बैठ्या घरापेक्षा लवकर सडते.

पण फॉरवर्डमधला दावा याहून फार मोठा आहे. त्याच्या मते हा साचाच मुळात जीवघेणा. तसं असेल तर फ्रान्सच्या मार्सेय शहरातल्या कॉर्बुझिएच्या इमारतीचं काय करायचं? १९५२ मध्ये पुरी झालेली, काँक्रीटची, ३३७ घरांची. तिथेही दर तीन मजल्यांना एकच मधला रस्ता, लिफ्ट तिथेच थांबते. मधल्या मजल्यांवर दुकानं, गच्चीवर मुलांना खेळायची जागा. आज लोक तिथे हौसेने घर घेतात. सिंगापूरचे बहुसंख्य रहिवासी सरकारने बांधलेल्या उंच इमारतींमध्ये राहतात आणि त्या इमारती ठरलेल्या क्रमाने रंगवल्या, दुरुस्त केल्या जातात. काँक्रीट तेच, उंचीही तितकीच किंवा जास्त. फरक देखभालीच्या पैशाचा आणि आत कोणाला, कोणत्या अटींवर राहायला दिलं जातं त्याचा.

“जगभर एकच काचेचं खोकं”

हे दिसतं खरं. पण काचेची बंद खोकी सगळीकडे पसरली त्याला विचारसरणीपेक्षा दोन व्यावहारिक गोष्टी कारणीभूत आहेत. एक, वातानुकूलन. यंत्राने हवा थंड करता यायला लागल्यावर इमारतीने उन्हाकडे तोंड करावं की पाठ, हा प्रश्न बिल्डरने विचारणंच सोडून दिलं. दुसरी, नियम. सीग्रॅम इमारतीपुढे मीसने जागेचा मोठा भाग मोकळा सोडला होता. ते पाहून न्यूयॉर्कने १९६१ मध्ये नियम केला की असं मोकळं आवार सोडणाऱ्याला वर जादा बांधकाम मिळेल. मग काय विचारता! ब्राँझच्या जागी स्वस्त अ‍ॅल्युमिनियम, खाली ओसाड फरशी आणि वर जादा मजले, अशा नकला ओळीने उभ्या राहिल्या. अस्सल इमारतीचा खर्चिक भाग गाळला आणि फायद्याचा तेवढा उचलला.

आधुनिक वास्तुकार उन्हाबद्दल बेफिकीर होते, हे तर सपशेल चूक. रिओ द जानेरोत लुसियो कोस्टा आणि तरुण ऑस्कर नीमायर यांच्या चमूने, कॉर्बुझिएच्या सल्ल्याने, शिक्षण मंत्रालयाची इमारत आखली. काम १९३६ पासून चाललं. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऊन उत्तरेकडून येतं, म्हणून उत्तरेच्या सबंध बाजूला हलवता येणाऱ्या आडव्या फळ्या. दक्षिणेला मोकळी काच. एकाच इमारतीचे दोन चेहरे, कारण दोन बाजूंचं हवामान वेगळं.

मुंबईची कांचनजंगा ही राहत्या घरांची इमारत, १९८३ची, वास्तुकार चार्ल्स कोरियांनी आखलेली. मुंबईत वारा आणि समुद्राचं दर्शन पश्चिमेकडून, पण दुपारचं भाजणारं ऊन आणि पावसाचा मारा पण तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे खोल्यांभोवतीचा व्हरांडा. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून २८ मजल्यांवर नेला. इमारतीचे कोपरे कोरून दोन मजले उंचीच्या गच्च्या केल्या, खोल्या त्यांच्या आड मागे घेतल्या, आणि घरं आरपार ठेवली म्हणजे वारा एका बाजूने शिरून दुसरीकडून जाईल. एवढ्या मोठ्या इमारतीत घरं फक्त ३२, तेव्हा हे श्रीमंतांचं सुख आहे हे सांगायलाच नको. पण त्याच शहरात पुढे उभ्या राहिलेल्या, पश्चिमेला सरळ काच लावून दिवसभर एसी चालवणाऱ्या टॉवरांनी त्यातून काही उचललं नाही. तो दोष कोरियांच्या पदरात कसा टाकायचा?

“जुनं टिकतं, यांचं गळतं”

जुन्यांपैकी जे टिकलं तेच आपल्याला दिसतं. जे पडलं त्याचा फोटो कुठून येणार? फ्रान्समधल्या बोव्हेच्या कॅथेड्रलचं छत १२८४ मध्ये कोसळलं, मनोरा १५७३ मध्ये पडला, आणि ते चर्च आजतागायत अर्धवट आहे.

काँक्रीटबद्दलची तक्रार मात्र खरी. नव्या काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे आतल्या पोलादी सळ्या गंजत नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, तशी ती अल्कली मरत जाते. त्यात पाणी शिरलं की सळई गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. सळईवर काँक्रीटचा थर किती जाड हवा याचा पहिल्या पिढीला पुरता अंदाज नव्हता. अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइटच्या फॉलिंगवॉटर या घराचे अधांतरी सज्जे तर पहिल्यापासूनच झुकू लागले. मालकाच्या इंजिनिअरांनी राइटला न जुमानता आत जादा सळ्या घातल्या होत्या म्हणून निभावलं, आणि २००२ मध्ये ताणलेल्या तारा घालून ते पुन्हा बळकट करावे लागले.

“पाडून टाका सगळं”

फ्रान्समधल्या बोर्दो शहरात ग्राँ पार्क नावाची वसाहत आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीचे दहा ते पंधरा मजली लांबट ठोकळे, बारीक खिडक्या, फॉरवर्डमधल्या उजव्या फोटोला शोभतील असे. त्यांतल्या तीन इमारतींवर, ५३० घरांवर, पाडण्याचं सावट होतं. वास्तुकार आन लाकातों आणि जाँ-फिलिप व्हासाल यांनी फ्रेदरिक द्रुओ आणि क्रिस्तोफ हुतँ यांच्यासोबत दुसरा मार्ग काढला. इमारतीला बाहेरून नव्या सांगाड्याचा एक थर चिकटवला, जुन्या खिडक्या काढून तिथे जमिनीपर्यंतची सरकती दारं बसवली, आणि प्रत्येक घरापुढे जवळजवळ चार मीटर खोल, काचबंद होणारी बाल्कनी आली. थंडीत ती उन्हाची ऊब धरते, त्यामुळे घर तापवायला इंधन कमी लागतं. तयार भाग क्रेनने चढवायचे, त्यामुळे एका घराचं काम साधारण १२ ते १६ दिवसांत उरकायचं आणि लोक आपापल्या घरातच राहायचे. पाडून नवं बांधण्यापेक्षा खर्च बराच कमी आला आणि भाडं वाढलं नाही. २०१९ मध्ये या कामाला युरोपचा मोठा वास्तुकला पुरस्कार मिळाला, तो मीस व्हान डेर रोहच्याच नावाचा आहे. २०२१ मध्ये लाकातों आणि व्हासाल यांना प्रित्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार मिळाला.